नाताळच्या कार्यक्रमाला नाही म्हटलं तर ते देवाला नाही म्हणणं होतं का?

नाईटवाली सिस्टर (सदर)

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथे नुसती वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्स आहे. मिस्टर खापरखेड्याच्या वीज केंद्रात, त्यांचीही शिफ्ट ड्युटी. मुलगा यंदा दहावीला, मुलगी सहावीत. सासूबाई आमच्याकडेच असतात. गुडघ्यांमुळे त्यांचं जिना उतरणं बंद झालं, त्यामुळे उपासनेलाही येता येत नाही.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझ्याकडे काय काय आहे ते सांगते. संडे स्कूल मी पाहते, म्हणजे शिक्षकांच्या पाळ्या, मुलांची हजेरी, परीक्षा, बक्षिसं, सगळंच. महिला संघाचे हिशेब माझ्याकडे. क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते. गुरुवारची घरसभा कोणाकडे, वचन कोण देणार, हे फोन करून ठरवायचं तेही माझ्याकडे. मे महिन्यातली व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली मुलांची बायबल शाळा, ओघानं आलीच. यातलं मी काहीच मागून घेतलं नाही. कोणाची बदली झाली, कोणी पुण्याला मुलाकडे राहायला गेलं, आणि "सिस्टर, जरा तुम्हीच पाहा ना" म्हणत एकेक काम येत गेलं. ही कामं मला आवडतात, हेही तितकंच खरं. मुलांमध्ये बसलं की मला बरं वाटतं.

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेब आणि सेक्रेटरी दोघंही गेटजवळ थांबले आणि म्हणाले, यंदा नाताळचा कार्यक्रम तुम्हीच सांभाळा. आमच्याकडे नाताळचा कार्यक्रम म्हणजे अख्खा डिसेंबर. मुलांची नाटिका, त्यांचे पोशाख, कॅरल राउंडचं (घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरण्याचं) वस्तीवार वेळापत्रक, साउंडवाला, मंडपवाला, केक, गरजूंना वाटायची ब्लँकेटं, आणि ३१ तारखेच्या वॉचनाइटचा (वर्ष बदलतानाच्या रात्रीच्या उपासनेचा) चहासुद्धा. मी "प्रार्थना करून सांगते" म्हटलं.

शनिवारची नाईट असली की सकाळी आठला हँडओव्हर देऊन मी तशीच ॲक्टिव्हावर चर्चला जाते, साडेआठला संडे स्कूल असते. अशाच एका रविवारी लहान वर्गाला शमुवेलाची गोष्ट सांगत होती. देव हाक मारतो, शमुवेल उठून एलीकडे धावतो, एली म्हणतो मी नाही बोलावलं, जाऊन झोप. पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि विचारलं, "टीचर, शमुवेल एलीकडे किती वेळा गेला? तुम्ही पाच वेळा सांगितलं." शास्त्रात तो तीनदाच जातो, आणि ती खरंच मोजून राहिली होती.

दुसरी गोष्ट घरातली. मुलाच्या गणिताच्या चाचणीचा पेपर दप्तरात सापडला. पालकांच्या सहीच्या जागी आजीची सही होती, थरथरत्या हातानं पूर्ण नाव लिहिलेली. मुलाला विचारलं तर म्हणाला, "तू झोपली होती ना." रागानं नाही, साधं सांगितल्यासारखं म्हणाला.

महिला संघातल्या एका वडीलधाऱ्या बाईंजवळ मन मोकळं केलं. त्यांनी लूक ९:६२ सांगितलं, नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. तेव्हापासून ते वचन डोक्यात फिरून राहिलं आहे.

म्हणून विचारते. मंडळीच्या कामाला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं का? आणि नसेल, तर काय ठेवायचं नि काय सोडायचं हे विश्वासणाऱ्या माणसानं ठरवायचं कशावरून? दमलो म्हणून सोडलं, एवढंच कारण मला पुरत नाही. दमायला तर आयसीयूतही होतं, पण तिथून मी निघून जात नाही.

कोराडी रोड

सिस्टर, सलाम. खचू नका. फिलिप्पैकरांस ४:१३ रोज सकाळी मोठ्यानं वाचा, जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं काही करू शकतो. सामर्थ्य देणारा तो आहे, आपण नाही.

आपल्या नागपूरचंच पाहा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये इथे आले तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं, रेल्वे नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. त्यांनी शाळा काढली, गोंड वस्त्यांमध्ये फिरले, भाषा शिकले आणि शेवटी याच मातीत गेले. माझ्याकडे आधीच पुष्कळ काम आहे असं ते म्हणाले असते तर आज आपण कुठे असतो? देव ज्याला बोलावतो त्याला बळही देतो. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

जुना खजिनदार (मोहन नगर)

ताई, सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी सरकारी हिशेबाच्या खात्यातून निवृत्त झालो आणि मंडळीची खजिनदारी बरीच वर्षं पाहिली, त्यामुळे माझं उत्तर थोडं हिशेबाच्या अंगानं येईल.

आधी कोराडी रोडच्या भावाबद्दल. त्यांची कळकळ मला समजते, पण हिस्लॉपसाहेबांचं नाव निघालंच आहे तर गोष्ट पूर्ण सांगावी. ते एकटे काम करत नव्हते. १८४७ पासून रॉबर्ट हंटर त्यांच्याबरोबर होते. शाळा, प्रचार, भाषा यांतून वेळ काढून दोघं नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म पाहत हिंडायचे, त्यावर शास्त्रीय लेख लिहायचे. हिस्लोपाइट नावाचं खनिज आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यात सोबती होता आणि मन रमवणारं दुसरं कामही होतं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांनी १८४६ मध्ये सुरू केलेली शाळा त्यानंतरही चालली आणि त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये, ते गेल्यावर वीस वर्षांनी निघालं. ज्या कामात देव आहे ते एका माणसाच्या वेळापत्रकावर टांगलेलं नसतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

फिलिप्पैकरांस ४:१३ वाचताना आधीचं वचनही वाचा. पौल सांगून राहिला आहे की मला उपाशी राहता येतं आणि भरल्या ताटावरही बसता येतं, दोन्हीत मी समाधानी राहायला शिकलो. तुरुंगातल्या माणसाचं ते बोलणं आहे. पाच पदं एका बाईनं सांभाळावीत असं त्यातून काढणं म्हणजे पौलाच्या तोंडी आपलं बोलणं घालणं होय.

आता नांगर. लूक ९ मध्ये जो माणूस आहे तो येशूच्या मागे यायचं की नाही हेच लांबवून राहिला होता. तुम्ही तो निर्णय केव्हाच घेतला. नाताळचं संयोजक व्हायचं की नाही, हा प्रश्न तिथे नाही. आणि त्याच लूकमध्ये पाच अध्याय पुढे, १४:२८ ला, येशू म्हणतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील. बसून हिशेब करणं ही प्रभूचीच आज्ञा आहे. तुम्ही तेच करून राहिल्या आहात.

तुम्ही नर्स म्हणून लूक १० पुन्हा वाचा असं मी म्हणेन. त्या अध्यायात पाहुणचाराच्या कामात गुंतलेली मार्था आणि येशूच्या पायाशी ऐकत बसलेली तिची बहीण मरीया शेवटी येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाला नाही म्हणायचं असलं की लोक मार्थेचं नाव काढतात. पण तिच्या अगदी आधी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे, आणि तिचा शेवट आपण घाईनं वाचून जातो. लुटारूंनी वाटेत मारून टाकलेल्या माणसाच्या त्यानं जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस घातला, त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी? दोन दिनार काढले, उतारशाळेच्या माणसाच्या हातात दिले, याची काळजी घे म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेनं गेला. तो तिथे मुक्कामाला राहिला नाही. येशूनं त्याला त्याबद्दल कमी लेखलं नाही, उलट तुम्हीही जाऊन तसंच करा म्हणाला. ताई, तुम्ही सकाळी आठला जो हँडओव्हर देता तेच हे आहे. पेशंट सुटलेला नसतो, नाईटच्या सिस्टरची ड्युटी मात्र संपलेली असते. पुढची सिस्टर चार्ट वाचून काम हातात घेते, तेव्हा पेशंटवरची तुमची माया कमी झाली असं कोणी म्हणत नाही.

ठरवायचं कशावरून, हे तुम्ही विचारलं. मी एकच पाहतो: मी देवासमोर तोंडानं कुठे कबूल झालो? लग्नाच्या वेदीपुढे झालो. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी झालो, प्रभूच्या शिक्षणात यांना वाढवू म्हणून. तुम्ही तर नर्सिंगची शपथही घेतली असेल. मंडळीचं पद यात बसत नाही. ते सभेनं दिलेलं असतं, त्याला मुदत असते आणि ते सभेला परत करता येतं. दहावीच्या मुलाची आई सभा निवडत नाही. सासूबाईंचंही तसंच. मार्क ७ मध्ये येशू परूश्यांवर, त्या काळच्या कडक धर्मपुढाऱ्यांवर, का रागावला ते पाहा. आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं असं म्हणून लोक मोकळे होत होते, आणि धर्माचं नाव घेऊन घरच्यांचा वाटा कापणं त्याला सहन झालं नाही. पहिलं तीमथ्य ५:८ तर त्याहून कडक आहे, ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही वाचा.

याचा अर्थ उद्याच सगळं टाकून द्या असा नाही. दिलेला शब्द पाळायचा, आणि पुढचा शब्द जपून द्यायचा. एका कागदावर प्रत्येक कामापुढे त्याचा खरा वेळ लिहा. बैठकीचा एक तास लिहून थांबू नका. त्याचे फोन, ग्रुपवरचे मेसेज, मंगळवारी बाजारात सामानासाठी मारलेल्या चकरा, रात्री झोपताना डोक्यात चालणारी यादी, सगळं धरा. आकडे समोर आले की पाळकसाहेबांशी बोलणं सोपं जातं.

खजिनदारीचं मात्र नीट सांगतो, कारण तिथे माणसं फसतात. मध्येच सोडू नका, ३१ मार्चला वर्ष बंद करूनच सोडा. रोखवही आणि बँकेचं पासबुक ताळून पाहा, फरक असला तर आधी तो काढा. पावतीपुस्तकांचे नंबर लिहा, वापरलेली आणि कोरी वेगळी दाखवा. व्हाउचर तारखेनं लावा. नव्या खजिनदाराला हे सगळं दोन साक्षीदारांसमोर द्या आणि यादीवर दोघींच्या सह्या घ्या. आणि बँकेतला सहीचा नमुना बदला, हे सगळ्यात महत्त्वाचं. तो बदलेपर्यंत तुम्ही मनानं कितीही मोकळ्या झाल्या तरी कागदावर जबाबदार तुम्हीच राहता.

नाताळबद्दल पाळकसाहेबांना लवकर आणि थोडक्यात सांगा. कारणांची माळ लावू नका. कारणं जास्त दिली की समोरचा एकेक कारण सोडवायला बसतो, आणि मग त्याला नाही म्हणायला तुमच्याकडे काही उरत नाही.

नाईटवाली सिस्टर (सदर)

काका, शोमरोन्याचं तुम्ही लिहिलं ते मी ड्युटीवर ब्रेकमध्ये वाचलं आणि मोबाईल ठेवून थोडा वेळ तशीच बसली. इतक्या वेळा मुलांना ती गोष्ट शिकवली, पण तो दुसऱ्या दिवशी निघून गेला याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

तरी एक शंका राहते. आमची मंडळी लहान आहे. शिकलेली, वेळ देणारी माणसं मोजकीच. मी सोडलं आणि संडे स्कूल बंद पडली तर? ती मुलं कुठे जातील? उतारशाळेत कोणी माणूसच नसेल तर दोन दिनार द्यायचे कोणाला?

पाळकीणबाई (कामठी रोड)

सिस्टर, सलाम. मी पाळकाची बायको आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडचं थोडं सांगते.

कामांची यादी करायला बसलं की पहिलं नाव कोणाचं येतं? मागच्या वेळी ज्यांनी हो म्हटलं त्यांचं. घाई असते, नाताळआधीचा आगमनकाळ तोंडावर असतो, नव्या माणसाला विचारायचं तर त्याला शिकवावंही लागतं. दर वेळी त्यामागे देवाचा मोठा संकेत असतोच असं नाही. पाळक विचारतात तेव्हा ते खरंच विचारत असतात. नाही म्हटलेलं बहुतेकांना चालतं, आणि वेळेवर कळलं तर बरंच वाटतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माणूस आजारी पडण्यापेक्षा ऑक्टोबरातलं नाही फार बरं.

माणसं नाहीत या भीतीबद्दल. प्रेषितांची कृत्ये ६ आठवा. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत सुटून जात होत्या. तक्रार रास्त होती, भूक खरी होती. बारा प्रेषितांनी ते काम स्वतःच्या डोक्यावर घेतलं नाही आणि टाळलंही नाही. प्रार्थना आणि वचनसेवा आम्ही सोडणार नाही, तुमच्यातून सात जण निवडा, असं ते म्हणाले. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं आहेत. ज्यांच्या घरातून तक्रार आली त्यांच्यातूनच बहुधा कामाला माणसं मिळाली. बारा जण ते काम करत बसले असते तर स्तेफन कोणाला दिसलाच नसता. मोशेलाही त्याचा सासरा इथ्रो हेच म्हणाला, निर्गम १८ मध्ये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसतोस, अशानं तू झिजशील आणि तुझ्यासमोर रांगेत उभे असलेले लोकही झिजतील. रांगेतल्यांचाही विचार त्यानं केला. तुमच्या वर्गातली ती मोजणारी मुलगी अशा रांगेतच होती.

तुमच्या क्वायरमध्ये कॉलेजच्या मुली असतील. कोणीतरी बी.एड. करत असेल. त्यांना कोणी विचारलं आहे का? सिस्टर आहेत ना, म्हणून त्या मागे बसतात. आणि बापमंडळी? आमच्याकडे संडे स्कूलला पुरुष शिक्षक नव्हता, एका रेल्वेतल्या भावांना विचारलं तर ते आनंदानं आले. आधी का आला नाही विचारल्यावर म्हणाले, मला कोणी बोलावलं नाही.

आणि तरीही माणसं कमी पडली तर कार्यक्रम लहान करा. नाटिका एका वर्षी नसली तर ख्रिस्तजन्म थांबत नाही. मुलांनी लूक २ पाठ म्हणावा, दोन गाणी म्हणावीत, पुरे. कॅरल राउंड शेजारच्या मंडळीबरोबर एकत्र काढा. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगळ्या पंथांच्या मंडळ्या आपापलं वेगळेपण बाजूला ठेवून एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. त्या शहरात दोन मंडळ्यांनी मिळून एक राउंड काढायला काय अडचण आहे?

एक गोष्ट मनात बरेच दिवस आहे, ती इथे लिहिते. इंग्लंडहून बंगालमध्ये आलेले मिशनरी विल्यम केरी, यांचं नाव आपण सगळे आदरानं घेतो. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, मराठी बायबल छापण्याचं कामही त्यांच्याच बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून सुरू झालं. त्यांच्या पत्नी डोरोथीबाईंचं नाव मात्र उपदेशात मी क्वचितच ऐकलं. त्या हिंदुस्थानात यायला तयार नव्हत्या, शेवटी आल्या. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशानं गेला आणि त्या दुःखातून त्यांचं मन सावरलं नाही. १८०७ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत बरीच वर्षं मनाच्या आजारात बंद खोलीत काढली. केरींना दोष द्यायला मी हे लिहीत नाही, त्या काळात त्या आजाराला औषध नव्हतं आणि त्यांनी पत्नीला सोडून दिलं नाही. पण मोठ्या सेवेची किंमत घरात कोणीतरी मोजत असतं, आणि त्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून आमच्या घरी नवीन काम घेण्याआधी आम्ही ते जेवताना मुलांसमोर बोलतो. त्यांनाही मत असतं.

बेसा रोड

ताई, माझं वय तुमच्या मुलापेक्षा थोडंच जास्त आहे, मी इंजिनिअरिंगला आहे. माझी आई अगदी तुमच्यासारखी, मंडळीत सगळीकडे.

मुलाच्या बाजूनं सांगतो. आईचं संडे स्कूलचं काम मला कधी टोचलं नाही. हजेरीच्या तक्त्यावर सोनेरी चांदण्या मीच चिकटवायचो, मजा यायची. टोचायचे ते फोन. जेवताना, अभ्यासाला बसलो की, रात्री साडेदहाला, घरसभा कोणाकडे आहे विचारायला. आई समोर असायची पण बोलत दुसऱ्याशी असायची.

माझ्या दहावीच्या वर्षी तिनं मला विचारलं, तुला माझा कोणता वेळ हवा? मी पहाटेचा मागितला. मी अभ्यास करायचो, ती चहा घेऊन समोर बसून भाजी निवडायची. काही शिकवायची नाही, गणित तिला येतही नव्हतं. तुम्ही पण विचारून पाहा. तो कदाचित फार काही मागणार नाही.

कोराडी रोड

सगळ्यांचं वाचलं. हिस्लॉपसाहेबांबरोबर हंटर होते हे मला ठाऊक नव्हतं, काकांचे आभार.

एक गोष्ट तरी माझ्या मनात कायम आहे. सगळं सोडू नका. घराचं कारण सांगून सेवेतून बाहेर पडलेली आणि मग उपासनेलाही न येणारी माणसं मी पाहिली आहेत. सेवा नसली की विश्वास सुकतो. तुम्ही लिहिलं की मुलांमध्ये बसलं की बरं वाटतं. ते देवानं दिलेलं आहे. तेवढं तरी धरून ठेवा.

जुना खजिनदार (मोहन नगर)

भाऊ, यात मी तुमच्याबरोबर आहे.

नाईटवाली सिस्टर (सदर)

सगळ्यांना पुन्हा सलाम. काय झालं ते सांगते.

पाळकीणबाईंनी लिहिलं तसं रविवारी जेवताना घरात विषय काढला. मिस्टर म्हणाले, कॅरल राउंड सोडू नको, ती तुला आवडते, आपल्या गल्लीतली तेवढी जा. मुलीला महिला संघाचे हिशेब म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तिला वाटायचं मी बँकेत पण काम करते. मुलाला वेळ विचारला तर म्हणाला, नाईट नसेल त्या दिवशी रात्री नऊ ते दहा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. सासूबाई म्हणाल्या, मला रविवारची उपासना घरी कोणी वाचून दाखवली तर बरं होईल. हे त्या पहिल्यांदा बोलल्या.

मग पाळकसाहेबांना हा मेसेज पाठवला. काकांनी सांगितलं म्हणून छोटा ठेवला:

"पाळकसाहेब, सलाम. नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी मी यंदा घेऊ शकत नाही. महिला संघाचे हिशेब ३१ मार्चपर्यंत पूर्ण करून देते, त्यानंतर दुसऱ्या बहिणीची निवड व्हावी. संडे स्कूलमध्ये लहान वर्ग मी शिकवत राहीन, बाकीची व्यवस्था पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टर) दुसऱ्याला शिकवून सोपवते. घरसभांची यादी या महिन्यात देते. प्रत्यक्ष भेटून बोलूच."

त्यांचा फोन आला. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, ठीक आहे सिस्टर, नाटिकेचं काय करायचं ते कमिटीत पाहू. आनंदानं म्हणाले असं नाही म्हणणार, पण रागही नव्हता. बी.एड.वाली एक मुलगी आमच्याकडेही निघाली. तिला विचारलं तर म्हणाली, रजिस्टर कसं भरायचं ते आधी दाखवा. या रविवारी दाखवते. शनिवारच्या नाईटनंतर वर्ग घ्यायचा नाही, त्या रविवारी ती घेणार, असंही ठरलं.

घरसभांची यादी मात्र अजून कोणी घेतली नाही. दोघींना विचारलं, दोघींनी नाही म्हटलं. नोव्हेंबरात कोणी नसलं तर यादी पाळकसाहेबांकडे परत देणार आहे, हे मनाशी पक्कं केलं.

वडीलधाऱ्या बाईंना अजून सांगितलं नाही. त्यांना भेटायला घरीच जाईन म्हणते, फोनवर नको.

काका, एक मदत हवी. बँकेत सही बदला म्हणालात, त्याला ठराव लागतो, तो कसा लिहायचा? आमच्या आधीच्या फायलीत सापडत नाही.

जुना खजिनदार (मोहन नगर)

ताई, संघाच्या सभेच्या इतिवृत्तात असं लिहा: "अमुक तारखेच्या सभेत ठरले की, संघाच्या बचत खात्यावर विद्यमान खजिनदारांच्या जागी नवनिर्वाचित खजिनदार यांची सही चालावी. अध्यक्षा व सेक्रेटरी यांच्या सह्या पूर्वीप्रमाणे राहतील." खाली सूचक, अनुमोदक, अध्यक्षांची सही आणि संघाचा शिक्का. बँकेत त्याची प्रमाणित प्रत द्या, नव्या बाईंचं आधार, पॅन आणि फोटो सोबत न्या.

एक काळजी घ्या. अध्यक्षा आणि खजिनदार एकाच सभेत बदलू नका, जुन्यांपैकी एक सही तरी खात्यावर चालू राहिली पाहिजे. नाहीतर नव्या सह्या लागेपर्यंत चेक निघत नाही, आणि एप्रिलमध्ये व्हीबीएसच्या पुस्तकांचे पैसे द्यायचे असतात.

घरसभांच्या यादीसाठी एखाद्या निवृत्त जोडप्याला विचारून पाहा. आम्हा म्हाताऱ्यांना फोन करायला वेळ असतो.